पक्षाघातानंतरची २७ वर्षे : लुई पाश्चर यांचे आयुष्य काय शिकवते?

दुधाच्या पिशवीवरचा ‘पाश्चराइज्ड’ हा शब्द आणि कुत्रा चावल्यावर घ्यायची लस, या दोन गोष्टींमुळे लुई पाश्चर यांचे नाव आपल्या घराघरांत पोहोचले आहे. मात्र वयाच्या ४५ व्या वर्षी त्यांना पक्षाघाताचा मोठा झटका आला होता, हे अनेकांना ठाऊक नसते. त्यांची डावी बाजू लुळी पडली. डावा हात पुढे कधीच पूर्ण बरा झाला नाही आणि चालताना डावा पाय ओढला जात राहिला. कोंबड्यांचा कॉलरा, अँथ्रॅक्स आणि रेबीज या तीन रोगांवरील त्यांच्या लसी या आजारानंतरच्या आहेत.

ही गोष्ट सांगताना एक काळजी घ्यायला हवी. ‘पाश्चर यांनी करून दाखवले, मग तुम्हाला का जमत नाही?’ असे कुणी पक्षाघाताच्या रुग्णाला म्हटले, तर तो त्याच्यावर अन्याय होईल. प्रत्येकाच्या मेंदूला झालेली इजा वेगळी असते. पाश्चर यांची गोष्ट आपल्याला वेगळ्या कारणासाठी उपयोगी आहे. हात पूर्ण बरा झालेला नसतानाही मन सावरू शकते आणि त्यात भोवतालच्या माणसांचा वाटा फार मोठा असतो, हे त्यांच्या आयुष्यात स्पष्ट दिसते.

आजाराच्या आधीची तीन वर्षे

पाश्चर यांचा जन्म २७ डिसेंबर १८२२ रोजी फ्रान्समधील दोल या गावी झाला. वडील कातडी कमावण्याचा व्यवसाय करत. लुई यांनी रसायनशास्त्राचा अभ्यास केला. ते डॉक्टर नव्हते. १८४९ मध्ये त्यांचे मारी लोरां यांच्याशी लग्न झाले.

१८६५ मध्ये सरकारच्या विनंतीवरून ते दक्षिण फ्रान्समधील आलेस या भागात गेले. तिथे रेशीमकिड्यांच्या रोगामुळे शेतकऱ्यांचा धंदा बुडत होता. तिथे पोहोचून थोडेच दिवस झाले होते, तेव्हा वडील वारले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दोन वर्षांची मुलगी कामीय गेली. पुढच्या मे महिन्यात १२ वर्षांची सेसील विषमज्वराने गेली. थोरली मुलगी जान त्याआधीच, १८५९ मध्ये, विषमज्वरानेच गेली होती. पाच मुलांपैकी आता फक्त मुलगा जां-बातीस्त आणि मुलगी मारी-लुईझ उरली होती.

एका वर्षाच्या आत तीन मृत्यू, जबाबदारीचे काम आणि अखंड प्रवास, असा तो काळ होता. दुःखामुळेच झटका आला असे म्हणता येणार नाही. त्या काळी रक्तदाब मोजण्याचे सोपे साधनही नव्हते. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याची पद्धत पाश्चर यांच्या मृत्यूनंतर, १८९६ मध्ये आली. पण पक्षाघात झालेला माणूस कोरी पाटी घेऊन आजारी पडत नाही. आधीची दुःखे आणि काळज्या त्याच्यासोबत असतात. आजारानंतर मन का खचले, हे समजून घेताना डॉक्टरांना आणि घरच्यांना ही पार्श्वभूमी माहीत असावी लागते.

१९ ऑक्टोबर १८६८

त्या सोमवारी सकाळी पाश्चर यांना शरीराच्या डाव्या बाजूला विचित्र मुंग्या येऊ लागल्या. दुपारी हुडहुडी भरली. तरीही ठरलेले काम टाळायचे नाही म्हणून ते पॅरिसच्या विज्ञान अकादमीच्या बैठकीला गेले, तिथे निबंध वाचला आणि घरी परतले. रात्री झोपायला गेल्यावर त्रास पुन्हा सुरू झाला. आधी बोलणे अडखळले, मग डावा हात आणि पाय हळूहळू निर्जीव झाले. मेंदूतील रक्तस्रावाचा तो झटका होता. त्या काळच्या रीतीप्रमाणे डॉक्टरांनी जळवा लावल्या.

आज कुणाला अशा मुंग्या आल्या, चेहरा वाकडा झाला, एका बाजूचा हात उचलेनासा झाला किंवा बोलणे अडखळले, तर बैठक, काम, जेवण सगळे सोडून लगेच मोठ्या रुग्णालयात जावे. लक्षणे कमी झाली तरीही जावे. पक्षाघात गुठळीमुळे झाला असेल, तर गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते. रक्तस्राव झाला असेल, तर उपचार वेगळे असतात. कोणता प्रकार आहे, हे सीटी स्कॅनशिवाय कळत नाही.

थांबलेले बांधकाम

पहिल्या काही दिवसांत पाश्चर जगतील असे कुणाला वाटत नव्हते. त्यांना स्वतःलाही वाटत नव्हते. शुद्ध पूर्ण होती आणि विचार स्पष्ट होते. आपल्या हातून अजून बरेच काम व्हायचे होते, ते राहून जाणार, याचे दुःख त्यांनी जवळच्या माणसांपाशी बोलून दाखवले.

याच सुमारास आणखी एक गोष्ट घडली. पॅरिसच्या एकोल नोर्माल या संस्थेत त्यांच्यासाठी नवी प्रयोगशाळा बांधली जात होती. पाश्चर आजारी पडताच ते बांधकाम थांबवण्यात आले. ज्याच्यासाठी इमारत उभी राहते आहे तो माणूसच राहणार नसेल, तर खर्च कशाला, हा त्यामागचा हिशेब होता. अंथरुणावरच्या पाश्चर यांना हे कळले आणि ते त्यांना फार लागले. सम्राट तिसरा नेपोलियन याचे अधिकारी जनरल फावे भेटीला आले, तेव्हा पाश्चर यांनी ही खंत त्यांच्यापाशी मांडली. बातमी सम्राटापर्यंत गेली आणि काम पुन्हा सुरू करण्याचा हुकूम निघाला.

आपल्या घरांत इमारती थांबत नाहीत, पण असे बरेच काही थांबते. दुकानाच्या किल्ल्या मुलाच्या हाती जातात. बँकेची पासबुके कपाटातून हलतात. भिशीतले नाव कमी होते. मुलीच्या लग्नाची बोलणी रुग्णाला न विचारता पुढे सरकतात. ‘त्यांना त्रास नको’ हा हेतू चांगलाच असतो. रुग्णाला मात्र त्यातून एवढेच कळते, की आपला हिशेब मिटवला गेला आहे. बोलता येत नसले तरी पुष्कळ रुग्णांना समजत असते. म्हणून त्यांच्या खाटेशेजारी ‘आता यांचे काही खरे नाही’ अशी चर्चा करू नये. जे निर्णय थांबू शकतात ते थांबवावेत. जे थांबू शकत नाहीत, ते त्यांना सांगून घ्यावेत.

सांगणारा रुग्ण, लिहून घेणारी माणसे

पाश्चर यांच्या शुश्रूषेसाठी मित्र आणि शिष्य पाळीने रात्री जागत. झटक्यानंतर आठवड्याभरातच, जेर्ने हा शिष्य उशाशी असताना, पाश्चर यांनी रेशीमकिड्यांच्या रोगाविषयी एक टिपण तोंडी सांगितले आणि जेर्ने यांनी ते लिहून घेतले. हे टिपण विज्ञान अकादमीपुढे सादरही झाले.

त्यांना एका गोष्टीची साथ होती. इजा मेंदूच्या उजव्या बाजूला होती. बहुतेक माणसांत भाषेचे केंद्र डाव्या बाजूला असते. त्यामुळे पहिले अडखळणे ओसरल्यावर त्यांना बोलता येऊ लागले. ज्यांच्या मेंदूच्या डाव्या बाजूला इजा होते, त्यांची वाचा अनेकदा जाते किंवा मनातला शब्द ओठांवर येत नाही. अशा रुग्णांची घुसमट जास्त असते. त्यांच्याशी बोलताना एका वेळी एकच प्रश्न विचारावा. उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असे मानेने देता येईल असा प्रश्न असावा. चित्रे, खुणा, बोट दाखवणे यांची मदत घ्यावी आणि उत्तरासाठी पुरेसा वेळ थांबावे. त्यांचे वाक्य घाईने आपणच पूर्ण करू नये. स्पीच थेरपी जितकी लवकर सुरू होईल तितकी बरी.

आठवड्याभरात कामाला लागण्याचा पाश्चर यांचा कित्ता मात्र कुणी गिरवू नये. सुरुवातीच्या दिवसांत विश्रांती, रक्तदाबावर नियंत्रण आणि डॉक्टरांनी ठरवलेला व्यायाम हेच महत्त्वाचे असते. या प्रसंगातून घेण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. जेर्ने यांनी त्यांना गप्प पडून राहायला सांगितले नाही. ते काय सांगत आहेत, ते ऐकून घेतले.

खुर्चीत बसून

झटक्याला तीन महिने होत आले, तेव्हा जानेवारी १८६९ मध्ये पाश्चर पॅरिस सोडून पुन्हा रेशमाच्या प्रदेशात, आलेसजवळच्या सें-इपोलित या गावी गेले. प्रवास त्रासाचा होता. तिथे ते खुर्चीत बसून किंवा पडून सूचना देत आणि सूक्ष्मदर्शकाखालचे काम शिष्य करत. पद्धत अशी होती : अंडी घालून झालेल्या प्रत्येक मादीचा चुरा सूक्ष्मदर्शकाखाली तपासायचा आणि त्यात रोगाचे कण दिसले तर तिची अंडी टाकून द्यायची. रेशीमबीज तयार करताना मादी तपासण्याची ही रीत भारतात आजही चालते.

त्या वर्षी लियों शहरातील रेशीम व्यापाऱ्यांच्या समितीने त्यांच्या पद्धतीची परीक्षा घ्यायचे ठरवले. पाश्चर यांनी अंड्यांचे वेगवेगळे नमुने पाठवले आणि कोणत्या नमुन्यातले किडे जगतील, कोणते कोणत्या रोगाने मरतील, हे आधीच कळवले. त्यांचे अंदाज खरे ठरले. अर्धे शरीर साथ देत नसताना आपली बुद्धी शाबूत असल्याचा हा पुरावा होता. जगाला तो मिळाला, तसा त्यांना स्वतःलाही मिळाला.

त्याच वर्षाच्या अखेरीस ते कुटुंबासह त्रिएस्तजवळच्या व्हिला विचेंतिना या राजघराण्याच्या मालमत्तेवर राहायला गेले. वर्षानुवर्षे तोट्यात असलेल्या तिथल्या रेशीमशेतीला त्यांच्या पद्धतीने पुन्हा पीक आले. मोकळी हवा, फिरणे, आणि उरलेल्या वेळात रेशीमकिड्यांच्या रोगांवरचे पुस्तक सांगणे असा दिनक्रम होता. पाश्चर सांगत आणि मारी लिहून घेत. हे पुस्तक १८७० मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध झाले.

पुनर्वसनात आज आपण हेच करतो. मोठे ध्येय लहान पायऱ्यांत तोडायचे. रुग्णाला जे येते तिथून सुरुवात करायची. एका हाताने मटार सोलणे, नातवाचे पाढे ऐकणे, किराण्याची यादी तोंडी सांगणे, दुकानातला दिवसाचा हिशेब ऐकून चूक दाखवणे, ही सगळी खरी कामे आहेत. मन रमावे म्हणून दिलेले खोटे काम रुग्णाला लगेच ओळखू येते. ज्याच्यावाचून घरात काहीतरी अडेल असे छोटे काम त्याच्याकडे असावे.

पुन्हा खचवणारे दिवस

बरे होण्याची वाट सरळ चढत जात नाही. १८७० च्या जुलैमध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले. पाश्चर यांना देशासाठी उभे राहायचे होते, पण अर्धांगवायू झालेल्या माणसाला सैन्यात घेणे शक्य नव्हते. मुलगा जां-बातीस्त आघाडीवर होता. १८७१ च्या जानेवारीत त्याची काही खबर मिळेना, तेव्हा पाश्चर बर्फातून गाडीने पोंतार्लिए गावाकडे निघाले आणि माघार घेणाऱ्या, थकलेल्या सैनिकांच्या गर्दीत त्याला शोधत राहिले. अखेर मुलगा जिवंत भेटला.

पक्षाघातानंतरचे पहिले वर्ष सावरत आले, की घरच्यांना वाटते संकट टळले. पण नैराश्य काही महिन्यांनी किंवा वर्षानेही येऊ शकते. फिजिओथेरपीची प्रगती मंदावते आणि ‘आता इतकेच’ हे रुग्णाला उमगते, तो काळ विशेष जपण्याचा असतो. घरातला नवा आघात, मग तो आजार असो, मृत्यू असो वा नोकरी जाणे असो, जुनी जखम उघडी करतो.

दुसऱ्यांच्या हातांनी

पाश्चर यांचा डावा हात आखडलेलाच राहिला. नाजूक हाताळणीचे प्रयोग त्यांना एकट्याने करता येत नसत. ते काम शांबरलां, रू, त्युइए या तरुण सहकाऱ्यांनी केले. १८८१ मध्ये पुयी-ल-फोर या गावी अँथ्रॅक्सच्या लसीची जाहीर परीक्षा झाली. २५ मेंढ्यांना लस दिली, २५ मेंढ्यांना दिली नाही, आणि नंतर सर्वांना रोगाचे जंतू टोचले. लस दिलेल्या मेंढ्या जगल्या आणि बाकीच्या दगावल्या. ६ जुलै १८८५ रोजी पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेल्या जोझेफ मैस्टर या ९ वर्षांच्या मुलाला रेबीजची पहिली लस देण्यात आली. सुई टोचली ती डॉक्टर ग्रांशे यांनी. पाश्चर डॉक्टर नव्हते, त्यामुळे हात धडधाकट असता तरी ती त्यांना टोचता आली नसती. मुलगा वाचला.

मदत घ्यावी लागणे हा अनेक रुग्णांना अपमान वाटतो. विशेषतः ज्याने आयुष्यभर घर चालवले, त्याला शर्टाची बटणे दुसऱ्याने लावावीत हे सहन होत नाही. पाश्चर यांच्या यशात दुसऱ्यांचे हात होते, म्हणून ते कमी ठरत नाही. घरच्यांनीही मदत करताना आधी विचारावे, जे जमते ते रुग्णालाच करू द्यावे, आणि वेळ लागला तरी घाई करू नये.

पुन्हा झटका, आणि भरून येणारा कंठ

१८८७ च्या ऑक्टोबरमध्ये पाश्चर यांना पुन्हा झटका आला. या वेळी जीभ जड झाली आणि आवाज पूर्वीसारखा राहिला नाही. १४ नोव्हेंबर १८८८ रोजी पॅरिसमध्ये पाश्चर संस्थेचे उद्घाटन झाले, तेव्हा त्यांना इतके भरून आले की भाषण वाचता येईना. त्यांच्या वतीने मुलाने ते वाचले. २७ डिसेंबर १८९२ रोजी सत्तराव्या वाढदिवसाच्या सोहळ्यात ते फ्रान्सचे अध्यक्ष कार्नो यांच्या हाताचा आधार घेऊन सभागृहात आले. त्या वेळीही भाषण मुलानेच वाचले. असा आधार घ्यायचा म्हणून त्यांनी समारंभ टाळले नाहीत.

त्या प्रसंगी कुणालाही भरून आले असते, त्यामुळे पाश्चर यांच्या भावनेला आजाराचे नाव देता येणार नाही. मात्र पक्षाघातानंतर काही रुग्णांना किरकोळ कारणाने, कधी कारणाशिवायही, रडू किंवा हसू कोसळते आणि ते आवरत नाही. भावना नियंत्रित करणाऱ्या मेंदूच्या जोडण्यांना इजा झाल्यामुळे हे होते. तो माणूस ‘हळवा’ किंवा ‘नाटकी’ झालेला नसतो. अशा वेळी गोंधळून न जाता विषय बदलावा, पाणी द्यावे, थोडे थांबावे. त्रास जास्त असेल तर औषधांनी आराम पडतो.

पाश्चर यांचे निधन २८ सप्टेंबर १८९५ रोजी झाले. पहिल्या झटक्याला तेव्हा जवळजवळ २७ वर्षे झाली होती. त्यांच्या संस्थेत काम केलेले हाफकिन पुढे मुंबईत आले आणि १८९७ मध्ये त्यांनी इथे प्लेगची लस तयार केली. परळच्या संस्थेला आज त्यांचेच नाव आहे.

मारी यांना कोण विचारत होते?

या सगळ्या गोष्टीत मारी पाश्चर सतत आहेत. त्यांनीही तीन मुली गमावल्या होत्या. नवऱ्याची सेवा, लिखाण, घर आणि प्रवास सगळे त्यांनी सांभाळले. रुग्णाची चौकशी सगळे करतात, सांभाळणाऱ्याची कुणी करत नाही. झोप न होणे, चिडचिड, पाठदुखी, आपण कमी पडतो आहोत असे वाटत राहणे, ही काळजीवाहू व्यक्ती थकल्याची लक्षणे आहेत. पाश्चर यांच्या घरी रात्रीच्या पाळ्या वाटून घेणारी माणसे होती. तुमच्या घरीही भाऊ, नणंद, शेजारी यांना पाळ्या वाटून द्या. आठवड्यातून काही तास तरी सांभाळणाऱ्याला पूर्ण मोकळीक मिळायला हवी.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

पक्षाघात झालेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश लोकांना नैराश्य येते. ते मनाच्या दुबळेपणामुळे येत नाही, आणि त्यावर उपचार आहेत. पुढीलपैकी काही लक्षणे दोन आठवड्यांहून अधिक टिकली, तर थांबू नका :

- दिवसाचा बराच वेळ उदास किंवा रडवेले असणे, किंवा कशातच रस न वाटणे
- झोप किंवा भूक खूप कमी वा खूप जास्त होणे
- व्यायाम, औषधे, जेवण यांना वारंवार नकार देणे
- ‘मी तुमच्यावर ओझे आहे’ असे सतत बोलणे
- पुन्हा झटका येईल या भीतीने खोलीबाहेर न पडणे

बोलता न येणाऱ्या रुग्णात चेहरा, भूक, झोप आणि व्यायामातला उत्साह यांवरून अंदाज घ्यावा लागतो. थकवा आणि नैराश्य सारखे दिसू शकतात, म्हणून निदान डॉक्टरांवर सोपवा. समुपदेशन आणि नैराश्यावरील औषधे या दोन्हींचा उपयोग होतो. औषध मनाने सुरू किंवा बंद करू नका, कारण पक्षाघाताच्या रुग्णाला रक्त पातळ करणारी इतर औषधेही चालू असू शकतात.

रुग्ण जगण्यात अर्थ नाही असे म्हणत असेल किंवा मरणाविषयी बोलत असेल, तर ते हलक्यात घेऊ नका. त्याला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांशी संपर्क साधा. केंद्र सरकारची ‘टेली मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र उपलब्ध आहे. तिथे मराठीतही बोलता येते.

पुढच्या तपासणीला जाल तेव्हा हाताची पकड आणि रक्तदाब यांसोबत मनाची स्थितीही डॉक्टरांना सांगा. डॉक्टरांनी विचारले नाही, तरी सांगा.